जबड्यातली पट्टी

ट्रकच्या ब्रेकमध्ये रबराचा एक हातभर लांब पाइप असतो. आम्ही त्याला होज म्हणायचो. तो फुटला की ब्रेक लागत नाही आणि मग जे होतं ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. हा हातभर होज तयार करायला आमच्या हेल्मर कंपनीला चार देश लागायचे. रबराची कृती फ्रान्समध्ये ठरायची, ड्रॉइंग जर्मनीत निघायचं, नमुने मेक्सिकोत बनायचे आणि आकडेमोड पुण्यात दुसऱ्या मजल्यावर व्हायची. तळमजल्यावर आम्ही तो होज फुटेपर्यंत पिळायचो. पोलंड नंतर आलं.

मी प्रियदर्शनी, त्या तळमजल्यावरच्या टेस्ट लॅबची प्रमुख. प्रमुख म्हणजे माझ्या हाताखाली सहा माणसं आणि डोक्यावर उरलेलं जग. येरवडा ओलांडून नगर रोडला लागलं की एका काचेच्या इमारतीत आमचं संशोधन केंद्र होतं. वर एसी, गालिचे, कॉफीचं मशीन. खाली तेलाचा वास आणि एक रिग. रिग म्हणजे होज पिळायचं यंत्र. दोन लोखंडी जबड्यांत होजची दोन टोकं धरायची, आत दाबाने गरम तेल सोडायचं, आणि एक जबडा सेकंदाला एकदा डावीकडे-उजवीकडे फिरत राहायचा. किती फेऱ्यांनंतर होज फुटतो ते मोजायचं. जर्मनीत पंधरा वर्षं घासून झाल्यावर ही रिग पुण्याला आली, तेव्हा केंद्राच्या बातमीपत्रात तिला 'अत्याधुनिक' म्हटलं होतं.

ती रिग खरी कळली होती एकाच माणसाला, महिपतीमामांना. मामा आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन. कात्रजच्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीच्या आत त्यांचं गाव. रोज तिथून मोटारसायकलवर येत आणि माझ्या आधी हजर असत. बोलणं कमी. यंत्राजवळ गेले की आधी हात मागे बांधून दोन मिनिटं नुसते ऐकत उभे राहायचे. नवीन पोरं हसायची. मीही एकेकाळी हसले आहे.

दोन हजार अठरा साली ते एक दिवस माझ्या टेबलावर दोन फुटके होज ठेवून उभे राहिले.

"मॅडम, ह्यो ट्रकवरनं परत आलेला. आन ह्यो आपल्या रिगवरचा. बगा."

मी बघितलं. ट्रकवरचा होज मधोमध फुटला होता, जिथे तो वळतो तिथे. आमचा होज अगदी टोकाशी, जबड्याच्या तोंडाशी.

"ट्रकवरचे समदे मधीच फुटत्यात," मामा म्हणाले. "आपले समदे तोंडाशी. म्हंजे होज न्हाई फुटत, आपला जबडा त्याला चावतोय. रिग खोटं बोलती."

पीएचडी झालेल्या माणसांनी दहा वर्षं त्या रिगचे आकडे वाचले होते. फुटके होज शेजारी शेजारी ठेवून बघायचं कोणाला सुचलं नव्हतं, कारण होज एका देशात असायचे आणि आकडे दुसऱ्या देशात. मामांनी गावातल्या सायकल दुकानातून जुनी ट्यूब आणली, तिची बोटभर रुंद पट्टी कापली आणि जबड्यात घातली. होज मधोमध फुटला. सहा लाख फेऱ्यांनी. ट्रकवर तो जेवढा टिकायचा त्याच्याशी हे बरोबर जुळत होतं.

पट्टीची एक गोष्ट त्यांनी मला तेव्हाच सांगितली होती. पहिल्या खेपेला ती उलटी लागली. ट्यूबची बाहेरची, बारीक रेघांची बाजू होजकडे हवी होती, तर आतली, गुळगुळीत पावडरवाली आली. होज जबड्यात हळूहळू सरकत राहिला, त्याला पूर्ण पीळ बसेचना आणि तो फुटेचना. "आठ दिस झाले तरी फुटंना. म्हनलं, येवढं बरं चाललंय म्हंजे कायतरी चुकलंय," मामा म्हणाले. तेव्हापासून ते होजवर जबड्यापाशी खडूची रेघ मारायचे. रेघ हलली की समजायचं, सरकतोय. मी मान डोलावली. माझं लक्ष फोनकडे होतं, जर्मनीचा कॉल सुरू व्हायचा होता.

"मग हे लिहायचं का प्रोसिजरमध्ये?" मामांनी विचारलं.

"लावा," मी म्हणाले, "पण लिहू नका."

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कोणाचं नाही, आणि ते मला आता कोणाच्या गळ्यातही घालायचं नाही. पण ते का म्हटलं ते सांगते. त्याच्या आदल्या वर्षी एकदा लाइट गेली आणि तेल वीस मिनिटं थंड राहिलं. मी इमानेइतबारे रिपोर्टमध्ये तसं लिहिलं. जर्मनीहून एकेचाळीस प्रश्न आले. पुण्यात वीज का जाते इथपासून सुरुवात होती. उत्तरं देता देता अडीच महिने गेले आणि पुढची दोन कामं गुपचूप दुसऱ्या देशाला गेली. आमचे केंद्रप्रमुख अभय सर मूळचे शनिवार पेठेतले. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून एवढंच विचारलं होतं, "त्यांनी विचारलं होतं का? नाही ना? मग आपण होऊन खरं बोलायची हौस कशाला?" उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीच्या पायात काटा गेल्याचं सांगू नये, हे मी तेव्हा शिकले.

त्यामुळे सहा वर्षं आम्ही पट्टी लावून खरे आकडे पाठवत राहिलो आणि प्रत्येक रिपोर्टखाली मी सही करत राहिले की टेस्ट लेखी प्रोसिजरप्रमाणेच झाली. आकडे खरे, सही खोटी. माझे बाबा सरकारी नोकरीत होते. त्यांचा जन्म धम्मदीक्षेनंतरच्या वर्षातला, म्हणून आजोबांनी नाव बुद्धभूषण ठेवलं. आमच्या घरातले ते पहिले टेबलखुर्चीवर बसलेले. लहानपणापासून त्यांनी मला एकच गोष्ट हजारदा सांगितली, "आपल्या माणसाचं तोंडी कोणी धरत नाही. लिहून ठेव." मी त्यांच्याशी या पट्टीबद्दल कधीच बोलले नाही.

मग कंपनीने ठरवलं की टेस्टिंगसाठी जगात एकच लॅब ठेवायची. निवड दोघांतून होणार होती, पुणे किंवा पोलंड. दोघांकडे एकाच कंपनीची रिग, एकाच वयाची. दोघांना एकाच खोक्यातले होज पाठवले. पुण्याचा आकडा सहा लाख. पोलंडचा तीन लाख ऐंशी हजार. एवढा फरक का, हे बघायला पोलंडच्या लॅबची प्रमुख मागदा पुण्याला येणार असं कळलं.

खरं तर सोन्यासारखी संधी होती. तिला पट्टी दाखवायची, दोन फुटके होज समोर ठेवायचे आणि सांगायचं की बाई गं, तुमचीही रिग चावते आहे. पण बाहेरून कोणी तपासायला येणार म्हटलं की आपल्या अंगात जे संचारतं ते आमच्यातही संचारलं. पिवळे पट्टे नव्याने रंगवले. कुंड्या भाड्याने आणल्या. भिंतीवरची पोरांची देवाची तसबीर आणि माझा बाबासाहेबांचा फोटो, दोन्ही आठवड्यापुरते कपाटात गेले. अभय सरांनी सगळ्यांना गोळा करून बजावलं की प्रोसिजरबाहेरचं काडीमात्र दिसता कामा नये. मीही मागून तेच म्हणाले, "सगळं लिहिल्याप्रमाणे दिसलं पाहिजे."

सोमवारी सकाळी नऊला मागदा माझ्या शेजारी उभी होती. चाळिशीची, शांत, हातात छापील प्रोसिजर. महिपतीमामांनी होज जबड्यात धरला. जबडा उघडा होता. पट्टी नव्हती.

त्यांनी माझं ऐकलं होतं. लिहिल्याप्रमाणे. पाना हातात धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मला अजून दिसते. ते वाट बघत होते, की मॅडम आता काहीतरी बोलतील. एक वाक्य पुरलं असतं. माझ्या मनात आलं, आता सांगितलं तर ती विचारणार की सहा वर्षं का नाही सांगितलं. शेजारी अभय सर हसऱ्या चेहऱ्याने उभे होते. मी म्हणाले, "सुरू करा, मामा."

त्यांनी पाना आवळला आणि बटण दाबलं.

पुढचे साडेचार दिवस आम्ही सगळे, एक पोलंडची बाई आणि सात पुणेकर, एक होज मरायची वाट बघत बसलो. मागदा लॅबमध्येच खुर्ची टाकून बसायची. दुपारी तिला पुरणपोळी खाऊ घातली, केळकर संग्रहालय बघून या म्हणून दोनदा सांगितलं. ती हलली नाही. मंगळवारी मी मामांना जिन्यात गाठून म्हटलं, "काय करायचं?" ते म्हणाले, "आता यंत्र चालू हाय, मॅडम. मधी हात घालता येत न्हाई." शुक्रवारी दुपारी साडेचारला तेल उडालं. जबड्याच्या तोंडाशी. तीन लाख बाहत्तर हजार.

मागदाने आकडा लिहून घेतला. तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा तिला राग आलेला नव्हता, वाईट वाटलेलं दिसत होतं. राग परवडला असता.

पंधरा दिवसांत जर्मनीतल्या मुख्यालयाचं मत आलं. तपासनीस समोर असताना पुण्याचा होज पोलंडइतकाच टिकतो, नसताना दीडपटीहून जास्त. तेव्हा पुण्याचे सहा वर्षांचे आकडे विश्वासार्ह नाहीत. त्या आकड्यांवर निवडलेला नवा होज रद्द. लॅब बंद करण्याचा विचार सुरू.

मग मला कंठ फुटला. वरातीमागून घोडं. मी दोन दिवस बसून अकरा पानांचं पत्र लिहिलं. फोटो जोडले, ट्रकवरून आलेले होज, रिगवरचे होज, पट्टी, सायकलची ट्यूब. सगळं लिहिलं, कल्पना महिपतीमामांची, न लिहिण्याचा निर्णय माझा. आयुष्यात इतकं खरं मी कधी लिहिलं नव्हतं आणि लिहिताना खूप हलकं वाटलं. उत्तर चार ओळींचं आलं. मंजूर नसलेला बदल करून टेस्ट केल्याची लेखी कबुली दिल्याबद्दल आभार. आता चौकशीची गरज उरलेली नाही.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, असं अभय सर म्हणाले. पण ते त्या दिवशी खरोखरच माझ्या बाजूने काहीतरी घेऊन आले होते. मुख्यालयाशी बोलून त्यांनी तोड काढली होती. अंतिम रिपोर्टमध्ये असं येईल की हा बदल ऑपरेटरने व्यवस्थापनाच्या माहितीशिवाय केला. म्हणजे केंद्र नालायक ठरत नाही, एक माणूस ठरतो. मग लॅबमधली पाच पोरं वरच्या आकडेमोडीच्या टीममध्ये घेतील आणि पोलंडशी समन्वयासाठी मी राहीन. माझं अकरा पानी पत्र फक्त संदर्भासाठी फाइलला लागेल. सही माझी हवी.

"आणि नाही केली तर?"

"तर सातही जणांना सोमवारपासून सकाळी निवांत चहा पिता येईल," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी येरवड्याला बाबांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "साहेब तोंडी सांगायचे ना, की अमुक कर, तेव्हा मी फाइलवर करायचो आणि खाली लिहायचो, 'तोंडी आदेशानुसार'. तुझ्या त्या मामांनी तसं लिहायला हवं होतं."

"तोंडी आदेश मीच दिला होता, बाबा."

बाबांनी रिमोट उचलला. बातम्या लावल्या. आई जेवून जा म्हणाली, पण मला तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवशी मी महिपतीमामांना गेटबाहेरच्या टपरीवर घेऊन गेले. न विचारता सही करायची नाही, एवढी लाज माझ्यात शिल्लक होती. विचारलं की ते हो म्हणतील, हेही मला पक्कं माहीत होतं. त्यामुळे त्या लाजेची किंमत किती धरायची ते तुम्हीच ठरवा. मी रिपोर्टचा मजकूर मराठीत समजावून सांगितला. मामा चहाच्या कपात बघत होते.

"म्हंजे मी तुमाला न सांगता केलं, आसं."

"हो."

"पाच पोरं ऱ्हातील?"

"असं म्हणतात."

"माझी दोनच वर्षं हायेत. करा सही." मग कप खाली ठेवून म्हणाले, "फकस्त एक करा, मॅडम. चूक केली म्हना. खोटं केलं आसं म्हनू नका. चूक कुनाकडनं बी हुती. खोटं मी केलेलं न्हाई."

मी शब्द दिला.

रिपोर्टमध्ये शब्द होता 'फेरफार'. हेतुपुरस्सर केलेला फेरफार. मी अभय सरांना म्हटलं की इथे 'चूक' करा. ते म्हणाले, मजकूर जर्मनीच्या कायदा विभागाकडून आला आहे, स्वल्पविराम हलवायचा तरी तीन आठवडे लागतील आणि मुदत उद्याची आहे. मी म्हटलं, मी त्यांना शब्द दिला आहे. ते म्हणाले, "कोणाला?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी सही केली. सही सफाईदार आली, सहा वर्षांची सवय होती.

महिपतीमामांचा राजीनामा घेतला. चौतीस वर्षं काम केलेल्या माणसाला आमच्याकडे शाल-श्रीफळ देतात, घरच्यांना बोलावतात, गेटपर्यंत सगळे सोडायला जातात. मामांना सिक्युरिटीने सोडलं. डब्याची पिशवी उघडून दाखवायला सांगितली. आत डबा होता आणि खडूचे दोन तुकडे.

रिग खोक्यात घालून पोलंडला गेली. तिथल्या रिगला जोडीदार म्हणून. पाच पोरं वरच्या मजल्यावर गेली आणि सात महिन्यांनी तो मजलाही गेला. आकडेमोड व्हिएतनाममध्ये बरी होते असं कंपनीच्या लक्षात आलं. अभय सर निवृत्त होऊन सोसायटीचे सेक्रेटरी झाले. एकाही पोराची नोकरी वाचली नाही. ज्याच्यासाठी ती सही केली त्यातलं काहीही शिल्लक राहिलं नाही, फक्त सही राहिली.

माझ्या नोकरीचा शेवटचा महिना चालू असताना पोलंडहून एक नवी प्रोसिजर माहितीसाठी म्हणून आली. मी उघडली. जबड्यासाठी रबरी अस्तर, होजसकट जबड्यात बसवल्याच्या फोटोसह. बोटभर रुंद, एका बाजूने गुळगुळीत, एका बाजूने बारीक रेघांचं. खास बनवून घेतलेलं, त्याला एक नंबर, एक नाव, आणि खाली मागदाच्या टीमचं अभिनंदन. माझ्या अकरा पानांतले फोटो कोणीतरी बघितले होते तर. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसं. पण खरं सांगते, मला राग नाही आला. मला आनंद झाला. वाटलं, मामा खरे ठरले. नाव नसेना का, पट्टी तर आहे. हे त्यांना दाखवायलाच हवं. मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो घेतला.

नोकरी सुटल्यावर पहिल्या रविवारी मी बिबवेवाडीतल्या माझ्या घरून निघाले. पाची पोरांनी मिळून शाल घेऊन दिली होती. कात्रजचा बोगदा ओलांडून मामांच्या गावी पोहोचले तेव्हा ते अंगणात पंपाची मोटर उघडून बसले होते. कांताबाईंनी, त्यांच्या मंडळींनी, पाणी आणलं, चहा टाकला. मी मामांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि पाया पडले. ते संकोचून उभेच राहिले. हातांना ग्रीस लागलं होतं म्हणून शाल सावरत नव्हते.

"मॅडम," ते बसल्यावर म्हणाले, "त्या कागदात चूक म्हनूनच लिवलं ना?"

"हो," मी म्हणाले.

"बरं झालं. गावात कुनी इचारलं की सांगतो, चूक झाली म्हनून."

मग मी घाईघाईने मोबाइल काढला. पोलंडने आता पट्टी बसवली, मंजूर केली, जगभर तीच चालणार, हे सगळं सांगितलं. कांताबाई आतून ऐकायला बाहेर आल्या. मामांनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, डोळे भरून आले असतील.

"उलटी लावलीय," ते म्हणाले.

"काय?"

"पट्टी. रेघांची बाजू होजकडं पायजे. हितं रेघा लोखंडाकडं हायेत. गुळगुळीत बाजूवर होज सरकतोय. खडूची रेघ बी न्हाई." त्यांनी मान वर केली. "किती फेरं जातोय त्यांचा?"

आकडा मला पाठ होता. अभिनंदनात मोठ्या अक्षरांत छापला होता. "साडेदहा लाख."

"मग खोटं हाय ते. आपल्यावेळी बी पहिल्यांदा तसंच झालं हुतं. सांगितलं हुतं तुमाला."

सांगितलं होतं. अकरा पानांत मी पट्टीची लांबी लिहिली होती, रुंदी लिहिली होती, सायकलच्या ट्यूबचा मेक लिहिला होता. कुठली बाजू कुठे हे लिहिलं नव्हतं, खडूच्या रेघेचं लिहिलं नव्हतं. सहा वर्षांत एकदाही मी माझ्या हाताने पट्टी बसवली नव्हती. आणि त्या प्रोसिजरच्या शेवटच्या पानावर काय होतं ते मी मामांना वाचून दाखवलं नाही. होज एवढा टिकतो आहे हे लक्षात घेऊन पुढच्या वर्षीपासून त्याची जाडी एक मिलिमीटरने कमी करण्यास हरकत नाही, असं तिथे होतं.

"कळवा त्यांना," मामा म्हणाले. "तुमचं ऐकत्याल. तुमी लिवता चांगलं."

त्याच दुपारी घरी येऊन मी मागदाला मेल लिहिली. या वेळी अर्ध्या पानात सगळं बसवलं, चित्र काढून, बाण दाखवून. शेवटी लिहिलं की हे मला महिपती नावाच्या ऑपरेटरने सांगितलं, एका नजरेत ओळखलं. तिचं उत्तर तीन दिवसांनी आलं. सभ्य होतं. तिने लिहिलं होतं की तिला माझ्याबद्दल आदर आहे, पण ज्या ऑपरेटरने हेतुपुरस्सर फेरफार केला असं माझ्याच सहीचा रिपोर्ट सांगतो, त्याच्या निरीक्षणावरून मंजूर प्रोसिजर ती थांबवू शकत नाही. कायदा विभागाने यापुढे माझ्याशी पत्रव्यवहार करू नये असंही तिला सांगितलं आहे. मी समजून घ्यावं.

मी जर्मनीला लिहिलं. पोच आली. पुन्हा लिहिलं, पोचही आली नाही. अभय सरांना फोन केला. ते म्हणाले, आता आपण तिथे कोण? बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, लिहून ठेव. मी लिहून ठेवते आहे.

महिन्याभराने महिपतीमामांचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत. मागे पंपाची मोटर चालू असल्याचा आवाज येत होता.

"मॅडम, ते कळवलं का पोलंडला?"

"कळवलं, मामा."

"मग? सरळ केली का पट्टी?"

मी खिडकीशी उभी होते. खाली रस्त्यावर शाळेची बस थांबली होती, पोरं चढत होती, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मामांकडे आता या एका गोष्टीखेरीज काही नव्हतं. मी म्हणाले, "हो मामा. केली."

"बरं झालं," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता. "मला झोप न्हवती. म्हनलं, कुनाचा तरी जीव जाईल. आता काय काळजी न्हाई."

मग त्यांनी घरच्यांची विचारपूस केली, पाऊसपाण्याचं बोलले, आणि फोन ठेवला.